पानबोटी पाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पानबोटी पाल म्हणजे नेमकी कोणती?

जिच्या बोटाच्या तळाला झाडाच्या पानासारखी पसरट गादी असते, ती. मराठीत या पालींना रूढ नाव नाही. भिंतीवर असो, झाडावर असो की कातळावर, आपण सगळ्यांना ‘पाल’च म्हणतो. ‘लीफ-टोड गेको’ या इंग्रजी नावाचा अर्थ ‘पानासारख्या बोटांची’ असा होतो, म्हणून मी माझ्यापुरतं ‘पानबोटी’ म्हणू लागलो आणि तेच इथे वापरतो आहे. तुमच्याकडे याहून चांगलं गावरान नाव असेल, तर मी आनंदाने बदलेन.

एक घोळ आधीच मिटवलेला बरा. अमेरिकेत हे नाव ‘फायलोडॅक्टिलस’ या प्रजातीला (‘जीनस’, म्हणजे जवळच्या जातींचा गट) देतात. त्यांची बोटं सडपातळ असतात आणि गादी फक्त टोकाला, पानांची जोडी चिकटवल्यासारखी. भारतात मात्र हेच नाव ‘हेमिडॅक्टिलस’ प्रजातीतल्या बऱ्याच पालींना मिळालं. हेमिडॅक्टिलस म्हणजे ‘अर्ध्या बोटाची’. तिच्या बोटाचा मागचा भाग रुंद गादीचा असतो आणि पुढचं नखाचं पेर गादीतून वर उठून मोकळं सुटलेलं असतं. आपल्या मुलखात ज्या भेटतात त्या या दुसऱ्या, त्यामुळे पुढचं बरंचसं त्यांच्याबद्दल आहे.

म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातली पालसुद्धा पानबोटी?

हो. घरपालीही हेमिडॅक्टिलसच. खिडकीच्या काचेवर बाहेरून चिकटली असेल तेव्हा आतून तिचा तळपाय बघा. गादीवर आडव्या पट्ट्या दिसतील आणि त्या मधोमध दुभंगलेल्या असतील. एवढ्या खुणेवरून प्रजाती ओळखता येते. किळस वाटत असेल तर काच मध्ये आहे हे लक्षात ठेवा.

जगातल्या सगळ्या पानबोटी पाली एकमेकींच्या नात्यातल्या आहेत का?

नाहीत, आणि मला यातलं सर्वांत गमतीचं हेच वाटतं. एकेकाळी पानासारखं बोट दिसलं की पाल फायलोडॅक्टिलसमध्ये टाकून मोकळं व्हायची पद्धत होती. मग कुणी हाडं तपासली, पुढे जनुकं तपासली गेली आणि तो गठ्ठा सुटत गेला. दक्षिण आफ्रिकेतल्या चिमुकल्या ‘गॉगिया’ वेगळ्या निघाल्या, दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ‘क्रिस्टिनस’ वेगळ्या. सार्डिनिया आणि कॉर्सिका बेटांवर ग्रॅनाइटच्या फटींत राहणारी ‘युलेप्टिस’ तर निराळ्याच कुळातली ठरली. सोकोट्रा बेटावर ‘हीमोड्रॅकन’ आहे, ओमान आणि इराणच्या डोंगरकड्यांवर ‘असॅकस’. मस्कतमध्ये राहणाऱ्या वाचकांनी रात्री एखाद्या वादीतल्या (कोरड्या नदीपात्रातल्या) खडकांवर विजेरी मारून पाहावी. घराच्या भिंतीवरची बहुधा आपल्याकडचीच असेल, पण कड्यावरची चपटी, लांब पायांची पाल असॅकस असू शकते.

खडकाला धरून राहायचं तर बोटाचं टोक पसरट असणं सोयीचं. ही सोय निरनिराळ्या कुळांतल्या पालींनी आपापली स्वतंत्रपणे मिळवली. ‘पानबोटी’ हे आडनाव नाही, पायाच्या घडणीवरून पडलेलं टोपणनाव आहे.

किती जाती आहेत?

हेमिडॅक्टिलसच्या जगभरात १८० च्या वर, भारतात पन्नासच्या आसपास. दरवर्षी भर पडते, म्हणून आकडा पाठ करण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्रात आणि गोव्यात कोणत्या दिसतात? कुठे?

घरातल्यांपासून सुरुवात करू. पुढची सगळी नावं हेमिडॅक्टिलसच्या पुढे लागणारी जातींची शास्त्रीय नावं आहेत. कोकणात आणि मुंबईत जी ‘चुक्‌ चुक्‌’ करते ती बहुतेक वेळा ‘फ्रेनॅटस’. जरा जाड, पिवळसर पोटाची आणि दिव्याजवळची जागा अडवून बसणारी ती ‘फ्लॅविव्हिरिडिस’. आंब्या-वडाच्या सालीवर सालीसारखीच दिसणारी, तुम्ही खोडाच्या या बाजूला आलात की त्या बाजूला सरकणारी ती ‘लेशेनॉल्टाय’. ही घरातही येते.

बागेत, कुंपणाच्या दगडांत, पडक्या भिंतीत ठिपक्यांची आणि खरखरीत पाठीची एक छोटी पाल असते. जुन्या पुस्तकांत तिला सरसकट ‘ब्रूकी’ म्हटलेलं आढळेल. आता त्या एका नावाखालून अनेक जाती बाहेर पडल्या आहेत. त्यातली ‘मरेयी’ १८८७ मध्ये ग्लेडो यांनी डांगच्या जंगलातून वर्णन केली. त्याच्या तीन वर्षं आधी मरे यांनी सिंधमधल्या एका पालीला ‘ग्लेडोवी’ हे नाव दिलं होतं. पालींच्या निमित्ताने झालेली ही फिट्टंफाट मला फार आवडते. याच गोतावळ्यातली ‘वरदगिरी’ २०१९ मध्ये आंबोलीहून नोंदली गेली. सरीसृपांचे अभ्यासक डॉ. वरद गिरी यांच्यावरून हे नाव आलं.

आता मोठ्या पाली. लेण्यांत, किल्ल्यांच्या पडक्या बुरुजांत किंवा घाटातल्या मोठ्या शिळांवर रात्री वीतभर पाल दिसली तर दचकू नका. ‘मॅक्युलॅटस’ ही तशीच. १८३६ पासून शास्त्राला माहीत आहे आणि मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातल्या खडकांवरही ती राहते. जुन्नरच्या बाजूला, नाणेघाटाजवळच्या घाटघरहून २००८ मध्ये वरद गिरी यांनी ‘ॲरनबाउरी’ नोंदवली. अंगाने तीही अशीच भरभक्कम. तिची धडाची लांबीच, शेपटी न धरता, दहा सेंटिमीटरच्या पुढे जाते. गोव्यात आणि तिथून खाली जोगच्या धबधब्यापर्यंतच्या रानात ‘प्रशादी’ आहे. तिचं वर्णन १९३५ चं.

आणि मग सड्यावरच्या दोघी. या पानाचा खरा जीव त्यांच्यात आहे, म्हणून त्यांना वेगळा प्रश्न.

सड्यावरच्या पाली म्हणजे कोणत्या?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याचे उघडे पठार असतात त्यांना सडा म्हणतात, कुठे नुसतं कातळ म्हणतात. उन्हाळ्यात चप्पल नसेल तर पाय टेकवत नाही अशी जागा. झाड नाही, भिंत नाही. १९६३ मध्ये ग्रँडिसन आणि सोमण यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ल्याच्या सड्यावरून एक लहानशी पाल शास्त्राला सांगितली: ‘अल्बोफॅसिएटस’, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांची. भिंतीवर, झाडावर न दिसता ती जमिनीवर, सुट्या दगडांखाली सापडते.

दुसरी साताऱ्याची. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीचं पठार आहे, पवनचक्क्यांमुळे लांबून ओळखू येणारं. तिथून २००८ मध्ये गिरी आणि बाउर यांनी ‘साताराएन्सिस’ नोंदवली. हीसुद्धा छोटी आणि जमिनीवरची. माणसं कासची फुलं बघायला हजारोंनी जातात आणि त्याच डोंगररांगेच्या दगडांखाली जिल्ह्याचं नाव लावणारी पाल बसलेली असते. तिचं पोस्टर कुठे लागलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

दोघींची जवळची नातलग कुठे असावी? सिंधमध्ये. ‘इम्ब्रिकॅटस’ नावाची, गाजरासारख्या फुगीर शेपटीची पाल. तिच्या पाठीवरचे खवले इतके मोठे आणि कौलांसारखे एकावर एक की बराच काळ तिला स्वतंत्र प्रजातीत ठेवलं होतं. २००८ मध्ये जनुकांवरून ती हेमिडॅक्टिलसमध्येच आली आणि जुनं नाव आधीच दुसऱ्या पालीला दिलेलं असल्यामुळे तिला नवं नाव घ्यावं लागलं.

उघड्या कातळावर सड्यावरची पाल जगते कशी? तापून मरत नाही का?

दिवसा ती वर येतच नाही. जांभ्याच्या सपाट दगडाखाली बोटभर फट असली तरी तिथलं तापमान आणि ओल वरच्यापेक्षा फार वेगळी असते. हात घालून पाहिलं तर (घालू नका, कारण पुढे येईल) फरक लगेच कळतो. अंधार पडल्यावर ती वाळवी, छोटे किडे, कोळी टिपायला निघते. पावसाळ्यात सड्यावर गवत आणि पाण्याची डबकी होतात, तेव्हा खाण्याची चंगळ.

पायाबद्दलही सांगायला हवं. जमिनीवर राहणाऱ्या या जातींच्या बोटाखालच्या पट्ट्या भिंतीवर चढणाऱ्या बहिणींपेक्षा कमी असतात. चढायचंच नाही तर एवढी मोठी गादी बाळगायची कशाला?

भिंतीला पाल चिकटते कशी? डिंक असतो का पायाला?

डिंक नाही, पोकळी करून ओढून धरणंही नाही. गादीवरच्या प्रत्येक पट्टीवर डोळ्याला न दिसणारे असंख्य केस असतात आणि प्रत्येक केसाचं टोक पुन्हा शेकडो शेंड्यांत फुटलेलं असतं. हे शेंडे पृष्ठभागाच्या इतके जवळ जातात की रेणूरेणूंमधलं एरवी क्षुल्लक असणारं आकर्षण कामाला येतं. एका शेंड्याचं बळ नगण्य, पण शेंडे अगणित. २००२ मध्ये केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे व्हॅन डर वॉल्स बल असल्याचं प्रयोगाने दाखवलं. मेलेल्या पालीचा पायही तितकाच घट्ट धरतो असंही पुढे एका प्रयोगात दिसलं, म्हणजे धरून राहायला स्नायूंची ताकद लागत नाही.

खरी करामत सुटण्यात आहे. पाल बोटाचं टोक आधी वर वळवते आणि सेलोटेप सोलावी तशी बोट सोलून काढते. धावताना प्रत्येक पावलाला हे घडतं. टेफ्लॉनवर मात्र तिची डाळ शिजत नाही आणि काच ओली असेल तर ती घसरते.

एवढे चांगले पाय असून एखादी जात एकाच पठारापुरती का राहते?

मला आलेला हा सर्वांत चांगला प्रश्न. सातवीतल्या एका मुलीने विचारला होता.

पायामुळे कुठे चढता येतं ते ठरतं, कुठे राहता येतं ते नाही. दोन सड्यांच्या मध्ये दाट झाडीची दरी असते, खाडी असते, भातशेती असते. उघड्या कातळाला सरावलेल्या पालीसाठी ती झाडी म्हणजे समुद्रच. तिच्या दृष्टीने प्रत्येक सडा एक बेट आहे. हजारो-लाखो वर्षं दोन बेटांवरच्या पाली एकमेकींना भेटल्या नाहीत की हळूहळू त्या दोन जाती होतात. गॅलापॅगोसच्या खऱ्याखुऱ्या बेटांवर फायलोडॅक्टिलसचं हेच झालं, निरनिराळ्या बेटांवर निरनिराळ्या जाती झाल्या. आपल्याकडे त्यासाठी समुद्र लागला नाही, दऱ्या पुरल्या.

आता उलट बाजू बघा. फ्रेनॅटस माणसाच्या सामानातून, गलबतातून, केळीच्या घडांतून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत गेली आणि तिथल्या आधीच्या पालींना दिव्याजवळच्या जागांवरून हुसकावून बसली. तिचं घर म्हणजे फट, उजेड आणि किडे. हे जगात कुठेही मिळतं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या बन्सल आणि करंथ यांनी २०१० मध्ये जनुकांचा अभ्यास करून दाखवलं की भारतात हेमिडॅक्टिलसची स्वतंत्र मोठी शाखा फुटली आणि आशियातल्या काही घरपालीही मुळात या भारतीय शाखेतल्याच आहेत. म्हणजे एकाच गोतातल्या काही जणी जग फिरल्या आणि काही जणींनी गावची वेसही ओलांडली नाही. आपल्या घरांतही असंच असतं.

इतकी वर्षं न दिसलेल्या जाती आताच कशा सापडतात?

त्या दिसत होत्या, पण दुसऱ्या नावाने. लांबून पाहिलं तर सगळ्या करड्या-तपकिरी. वेगळेपण पाहायचं तर भिंगाखाली खवल्यांची रचना, बोटाखालच्या पट्ट्यांची संख्या, नराच्या मांड्यांच्या आतल्या बाजूची छिद्रं मोजावी लागतात. शिवाय आता जनुकं वाचणं स्वस्त झालं आहे. आणि रात्री दगडधोंड्यांत फिरणारी तरुण मंडळी वाढली, हेही खरं कारण आहे. नवी नावंही मजेदार मिळतात. सातपुड्यातल्या एका जातीला २०१७ मध्ये चक्क ‘चिपकली’ हेच शास्त्रीय नाव मिळालं.

पाल विषारी असते का? दुधात पडली तर?

नाही. भारतातल्या कुठल्याही पालीला विष नाही, दातात नाही आणि कातडीतही नाही. ‘पाल पडलेलं दूध पिऊन विषबाधा’ अशा बातम्या अधूनमधून येतात. पालीच्या विष्ठेत साल्मोनेलासारखे जिवाणू असू शकतात, त्यामुळे असं अन्न टाकून द्यावं हे बरोबर. पण ते झुरळ पडलेल्या अन्नाइतकंच, त्याहून जास्त नाही.

खेड्यांत सर्वांत जास्त मार खाते ती मात्र पानबोटी नसलेलीच एक पाल, ‘युब्लेफॅरिस’. हिला डोळ्यांच्या पापण्या असतात, जाड शेपूट असते, पिल्लं काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची असतात आणि पायाला गादी नसल्यामुळे ती जमिनीवरून पोट उचलून हळूहळू चालते. ती विषारी आहे अशी ठाम समजूत मी कितीतरी गावांत ऐकली. तीही पूर्ण निरुपद्रवी आहे. पानबोटी पालींना मिटणाऱ्या पापण्या नसतात, त्या जिभेने डोळा पुसतात. ओळखायला एवढं पुरे.

बोलता बोलता पाल चुकचुकली तर काय? अंगावर पडली तर?

चुकचुकण्याचं शास्त्रीय उत्तर सोपं आहे. नर आपली हद्द सांगतो, मादीला बोलावतो, कधी दुसऱ्या नराला दम देतो. तुमच्या बोलण्याशी त्याचा संबंध नाही, पण ‘शंकेची पाल चुकचुकली’ हा वाक्प्रचार मला सोडवत नाही. आमची आजी ‘सत्य, सत्य’ म्हणत बोटाने जमिनीवर टिचकी मारायची आणि मी अजूनही नकळत मारतो.

अंगावर पडण्याचं म्हणाल तर पंचांगात पल्लीपतनाची फळं दिलेली असतात, कुठल्या अवयवावर पडली तर काय वगैरे. पालीच्या बाजूने एवढंच सांगतो की दोन नर छतावर भांडताना एक खाली येतो, किंवा ओला रंग, धूळ, जाळं यामुळे पाय सुटतो. कपडे झटका आणि तिला जाऊ द्या.

शेपटी तुटली तर पुन्हा येते का?

येते. शेपटीच्या मणक्यांत तुटण्यासाठी ठरावीक जागा असतात. नव्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची नळी असते, आणि तिचा रंग व खवले मूळ शेपटीपेक्षा सपाट, साधे दिसतात. शेपटी हा चरबीचा साठाही असतो, म्हणून गंमत म्हणून तोडायला लावू नका. पावसाळा संपल्यावर सड्यावरच्या पालीसाठी तो सगळा शिधा असतो.

अंडी कुठे घालते?

एका वेळी साधारण दोन, गोल, पांढरी, कडक कवचाची. फटीत, सालीखाली, खिडकीच्या चौकटीमागे, विजेच्या मीटरच्या पेटीत. पिल्लू यायला दीड-दोन महिने लागतात आणि आई लक्ष देत नाही. सोयीची फट असेल तर अनेक माद्या तिथेच अंडी घालतात, म्हणून कधीकधी कपाटामागे जुन्या कवचांचा ढीगच सापडतो.

सड्यावरच्या पालींना धोका कशाचा?

दगड हलवण्याचा. घरपालीला आपण झाडूने हाकलतो तरी ती टिकून राहते, सड्यावरच्या पालीचं मात्र सगळं घर म्हणजे दगडाखालची ती बोटभर फट. सुरुंग लावून कातळात खड्डे घेतात, त्यात बाहेरून माती आणून भरतात आणि हापूसची कलमं लावतात. चिरेखाणींत तर पूर्ण थरच कापला जातो. साताऱ्याच्या बाजूला पवनचक्क्यांसाठी रस्ते झाले, पर्यटकांच्या गाड्या थेट पठारावर जातात, उन्हाळ्यात वणवे लागतात. निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या आययूसीएन या जागतिक संस्थेच्या धोक्यातल्या जीवांच्या ‘लाल यादी’त या दोन्ही जाती ‘असुरक्षित’ म्हणून नोंदल्या आहेत.

बागायतदाराला दोष देणं मला सोपं वाटत नाही, कारण माझ्याही नातेवाइकांची कलमं कातळावरच आहेत. अडचण कागदपत्रांत आहे. महसुली नोंदीत सडा म्हणजे पोटखराबा, पडीक जमीन. रत्नागिरीच्या सड्यांवरच्या कातळशिल्पांमुळे अलीकडे थोडं लक्ष तिकडे वळलं. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. शिल्पाभोवती कुंपण घालताना आजूबाजूचे सुटे दगड ‘साफ’ करू नयेत, एवढी पालीच्या वतीने विनंती.

मला बघायला जायचं आहे. काय काळजी घेऊ?

कोकणच्या सड्यावर दगडाखाली पालीआधी फुरसं भेटण्याची शक्यता जास्त. विंचूही असतात. म्हणून बोटं दगडाखाली घालायची नाहीत. अंधार पडल्यावर विजेरी घेऊन नुसतं चाला, पाल आपणहून बाहेर आलेली असते, दगड उलटायची गरजच पडत नाही. घोट्याच्या वर येणारे बूट घाला. एकटे जाऊ नका आणि गावात सांगून जा, नाहीतर रात्री कातळावर उजेड फिरताना दिसला की लोक गुप्तधनवाले समजतात. आम्हाला एकदा पोलीस पाटलांसमोर पालींचे फोटो दाखवून सुटका करून घ्यावी लागली होती.

फोटो काढायचे तर पाठीचा वरून एक, डोक्याचा बाजूने एक, आणि जमलं तर पायाचा. सोबत गाव, तारीख, आणि ती कशावर बसली होती, दगड, माती की झाड. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना दुर्मीळ जातीचं अचूक ठिकाण लपवा. पाळीव प्राण्यांच्या बाजारात सरपटणाऱ्यांना मागणी असते आणि विकणारेही तेच फोटो बघत असतात.

पाळता येईल का?

घरपाल तुम्ही आधीच पाळता आहात, बिनभाड्याने. बाकीच्या जिथे आहेत तिथेच राहू द्या.